बुडबुडे कोण कमी करतंय?

माझ्या माशांच्या टाकीतले बुडबुडे कुणीतरी कमी करत होतं आणि घरात माणसं तीनच. मी, नवरा आणि महिन्याभरापूर्वी सासर सोडून, एक बॅग घेऊन राहायला आलेली त्याची मोठी बहीण. नवऱ्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो गॅसची चावी काय शोधणार? उरल्या ताई.

टाकी हॉलमध्ये आहे. तिच्यात माशांपेक्षा झाडं जास्त. झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो, म्हणून शेजारी छोटा सिलिंडर. दुपारी टायमरने दिवा लागला की व्हॉल्व्ह टक्कन उघडतो आणि नळीतून गॅस सुटतो. किती सुटावा ते एका बारीक चावीवर ठरतं. काचेला चिकटवलेल्या कुपीतलं पाणी हिरवं असलं की प्रमाण बरोबर. निळं म्हणजे गॅस कमी, पिवळं म्हणजे माशांचा जीव गुदमरणार. चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून घरी आले की चप्पल काढायच्या आधी मी ती कुपी बघते. हल्ली ती रोज निळी दिसायची आणि पानांवर शेवाळ चढायला लागलं होतं.

प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून पाहिलं. गळती नव्हती. मग ताईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. मी कशाला हात लावू, म्हणाल्या आणि नजर चुकवून भांडी लावायला गेल्या. माझ्या डोक्यात संशयाचा किडा शिरला तो शिरलाच. यांचा संसार मोडला, म्हणून माझ्या घरात काही फुललेलं यांना बघवत नाही, असं मी धरूनच चालले. चावीवर आणि तिच्या बुडाशी नेलपॉलिशचे दोन ठिपके समोरासमोर दिले. संध्याकाळी आले तर ठिपक्यांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली. कुपी पिवळी, आणि मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते.

जेवताना मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. एक तर त्या राहतील, नाहीतर मी. शेवटी वैतागून त्याने ताईंना न सांगता भाऊजींना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, फोन लावला. भाऊजी फार गोड बोलले. शनिवारी संध्याकाळी येऊन घेऊन जातो म्हणाले. मला हलकं वाटलं.

शनिवारी माझा अर्धा दिवस. ताई सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. टाकीचा दिवा लागला, टक् झालं, आणि मी समोर बसलेली असताना त्या उठून थेट चावीकडे गेल्या. मी मनगट धरलं.

"आज रंगेहाथ सापडलात," मी म्हणाले.

त्या खाली बसल्या. "मला कळतं गं. सोड्यातला गॅस आहे, पेटत नाही. पण तो टक् आवाज होतो आणि हात आपोआप जातो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊजींचं डोकं फिरलं की ते स्वयंपाकघराचं दार लावायचे, शेगडीची चावी टक्कन फिरवून गॅस सोडायचे आणि हातातला लायटर दाखवत ताईंकडून माफी मागून घ्यायचे. कशाची माफी, तेही तेच ठरवणार. मी विचारल्यापासून ताईंना धास्ती होती की मी घराबाहेर काढेन. म्हणून मी यायच्या आधी त्या अंदाजाने चावी परत उघडून ठेवायच्या. अंदाज चुकला आणि मासे वर आले. भावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

भाऊजी आज येतायत, हे मला सांगावं लागलं. ताई घड्या घातलेले कपडे उचलून बॅगेत भरायला लागल्या. भाऊजींबरोबर जायला की पळून जायला, हे त्यांनाही कळत नसावं. मला माझीच शिसारी आली.

संध्याकाळी बेल वाजली. नवरा अजून यायचा होता. मी साखळी लावून दार उघडलं. भाऊजी हसत उभे होते. सामान तयार आहे ना, त्यांनी विचारलं.

"ताई कुठेही जाणार नाहीत."

"वहिनी, तिच्या बोलण्यावर जाऊ नका," ते समजुतीने म्हणाले. "तिला उगाच संशय घ्यायची खोड आहे."

"ती खोड माझी आहे. त्यांची नाही," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.