सोळावं घर

चार तासांचा व्हिडिओ हल्ली कोण बघतं हो? पोटच्या पोराच्या लग्नाचा असला तरी माणसं हळद नि जेवणावळ बघून उठतात. इथं तर नुसते भागोजीआबा. खळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, मागं पेंढ्याची उडवी, आणि बोलणं आपलं चाललंय. मंडणगडच्या पुढच्या बौद्धवाडीत धर्मांतराच्या वेळी कोण कोण होतं, ते त्यांनी वरच्या अंगापासून खालपर्यंत घरवार सांगितलं होतं. पुतण्या नितेशनं ते मोबाइलवर घेतलं, वाडीच्या मंडळाच्या चॅनेलवर टाकलं, आणि माघात आबा गेले. दोनशे बारा जणांनी व्हिडिओ उघडला होता. बहुतेक पाचव्या मिनिटाला पळालेले.

"मुंबईवाले विचारतायत, आपलं घर कुठं येतं ते शोधायचं कसं?" महेंद्र लेकीला म्हणाले. मंडळाचे ते अध्यक्ष. "तू शाळेच्या व्हिडिओंना भाग पाडून देतेस ना, तसे ह्याला पाड. पंधरा घरं, पंधरा भाग. ज्यानं त्यानं आपल्या घरावर बोट ठेवावं नि ऐकावं."

स्वप्ना रत्नागिरीत एका शाळेत विज्ञान शिकवायची. करोनात घरून धडे टाकता टाकता ही विद्या तिला आली होती. तसं काम सोपं. व्हिडिओच्या खाली वेळ लिहायची नि पुढं नाव. सुरुवात शून्यापासून करायची, एकेक भाग निदान दहा सेकंदांचा हवा, बास. पण वेळ लिहायची तर आधी ऐकावं लागतं, आणि अख्खं ऐकणारी ती पहिलीच. नितेशसुद्धा मोबाइल स्टँडला लावून चहाला पसार झाला होता, लबाड कुठला.

मे महिन्याची सुट्टी होती. सकाळची कामं आटोपून ती नाचणे रोडच्या त्यांच्या ब्लॉकमध्ये लॅपटॉप घेऊन बसली. शेजारी महेंद्र, हातात कोरा चहा. दुधाचा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. आईची सवय लागलेली. त्या माउलीनं म्हणे आयुष्यभर दुधाला तोंड लावलं नाही. घरात सगळे म्हणत, म्हातारीला पित्त आहे.

चार घरं झाली. पाचवं रावजींचं. रावजी म्हणजे महेंद्रांचे वडील, स्वप्नाचे आजोबा.

"रावजीनं ठराव आणला," आबा सांगत होते. "म्हणाला, आजपासनं मेलेलं ढोर ओढायचं नाय नि खायचं नाय. जो ओढील त्याला वाडी तुटली. खोताचा गडी बोलवायला आला, तर रावजी दारात हुभा राह्यला नि म्हणाला, तुमचं ढोर तुमी वडा. अशी मान ताठ! मी तवा धा वर्षांचा. तसा माणूस मी पुन्हा बघितला नाय."

महेंद्रांनी चष्मा काढून डोळे पुसले. बुद्धपौर्णिमेला वाडीतल्या नव्या सभागृहाला रावजींचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी रंगवून तयार होती. तेवढ्यात त्याच पाटीसाठी कुणाचा तरी फोन आला आणि ते उठून गॅलरीत गेले. पुढचं स्वप्नानं एकटीनं ऐकलं.

"रावजीच्या लगत सहदेवाचं घर," आबांचा आवाज खाली आला. "सोळावं. आता कोण मोजत नाय. त्या पावसात त्याच्या घरात दाणा नव्हता. खोताचा बैल मेला, तो त्यानं चोरून ओढला, अर्ध्या पायली भातासाठी. वाडीनं वाळीत टाकला. बायको तापानं पडलेली, अंगावर दूध नाय, नि पोर तान्ही. रावजीची बायको आपल्या महेंद्राबरोबर तिलापण पाजायची. ठरावानं ते पाजणंपण बंद झालं. चौथ्या का पाचव्या दिवशी पोर गेली. सहदेव एकटाच तिला खांद्यावर घेऊन नदीकडं उतरला. मी फणसामागं हुभा होतो. आमी कोण गेलो नाय."

आणि आबा गप्प झाले. मागून एक कोंबडी आली, दाणे टिपून गेली. आबा खुर्चीच्या हातावर नख घासत राहिले. स्वप्नाला वाटलं, व्हिडिओ अडकला. पण खालचे सेकंद सरकत होते. बावन्न सेकंद. मग ते म्हणाले, "तर पुढलं घर..."

 आजोबांचा हार घातलेला फोटो समोरच्या भिंतीवर होता. तिला त्याच्याकडे बघवेना. आबांचाही राग आला. अडुसष्ट वर्षं पोटात ठेवलंत नि जाता जाता आमच्या ओटीत टाकलंत!

काय करावं सुचेना, म्हणून तिनं पान खाली सरकवलं. व्हिडिओखाली एकच प्रतिक्रिया होती, तीन आठवड्यांपूर्वीची. कुणी उत्तर दिलं नव्हतं. "जय भीम. मी नंदा, अलोरे, ता. चिपळूण. माझे आजोबा सहदेव, तुमच्याच वाडीचे, असं बाबा सांगतात. बाबांचं डायलिसिस चालू आहे, त्यांना फार वेळ बसवत नाही. आमच्या घराचं नाव कुठे घेतलं असेल तर कृपया मिनिट सांगा. घेतलं नसेल तर तसंही सांगा."

महेंद्र आत आले तेव्हा स्वप्नानं तेवढा तुकडा त्यांना ऐकवला, आणि नंदाचं लिहिणं वाचून दाखवलं. ऐकून महेंद्र खुर्चीवर बसले. 

"कापू नकोस," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाचं बोलणं कापायचा हक्क आपल्याला नाही. पण तिथं वेगळा भाग पाडू नकोस. राहू दे तसंच. चार तासांत कोण तिथवर पोचतंय?"

"आणि ही नंदा? तिचा बाप तिथं आजारी पडलाय, बाबा. एवढंच विचारतोय, आमचं नाव घेतलं का म्हणून."

"तो ठराव नसता ना, तर आज तू शाळेत शिकवत नसतीस!" महेंद्र एकदम कडाडले. "खोताच्या दारची ढोरंच ओढत असतो आपण. एकानं मोडला असता, दुसऱ्यानं मोडला असता, मग राहिलं काय? माझ्या बापानं वाडी उभी केली, स्वप्ना. पाटी लागायच्या तोंडावर त्याच्या नावाला काळं फासू?"

ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. ठराव खराच होता. त्याच्यावरच पंधरा घरं ताठ उभी राहिली होती. पण ती पोरही खरीच होती ना? स्वप्ना चिडली, रडकुंडीला आली, आणि अखेर बापाचं वय बघून गप्प बसली. तिनं पंधरा घरांच्या सुरुवातीच्या वेळा लिहिल्या आणि जतन केल्या.

"बघा झालं का मनासारखं," तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढं सरकवला.

महेंद्रांनी बोटानं "घर पाचवे – रावजी" दाबलं. ठराव आला. ताठ मान आली. मग बैल आला, ताप आला, तान्ही पोर आली. आबा गप्प झाले. कोंबडी दाणे टिपून गेली. आणि खालच्या पट्टीवर सगळा वेळ नाव दिसत होतं, रावजी.

"हे सगळं त्यांच्या नावाखाली का दाखवतंय?" महेंद्रांनी विचारलं.

"पुढची खूण नाही ना, बाबा. पुढच्या घराचं नाव येईपर्यंत सगळं मागच्याच घरात मोडतं. सहदेवांचं घर तुम्ही घातलं नाहीत, तर ती पोर आपल्याच घरात राहणार."

 चहाचा कप महेंद्रांनी दोन्ही हातांत धरला होता. तो गार होऊन गेला तरी त्यांना भान नव्हतं.

"आईला पित्त नव्हतं गं," ते म्हणाले. आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले.

स्वप्ना त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. रडणं ओसरलं तसं त्यांनी नाक पुसलं आणि स्क्रीनकडं बोट केलं. "घाल सहावं घर. खालचे सगळे आकडे एकेकानं पुढं सरकव. सोळा होऊ देत."

तिनं एक ओळ वाढवली: "घर सहावे – सहदेव". नंदाला मिनिट कळवलं, सोबत आपला नंबर दिला. तो भाग पाऊण मिनिटाच्या बोलण्याचा होता. उरलेला सगळा आबांच्या गप्प बसण्याचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "ताई, मी नंदा. बाबांनी ऐकलं. त्यांना बोलायचंय कुणाशी तरी."

स्वप्नानं फोन महेंद्रांच्या हातात दिला आणि आवाज मोठा केला. महेंद्र उभे राहिले. का कोण जाणे, बसून बोलणं त्यांना बरं वाटलं नसावं.

"जय भीम. मी महेंद्र. रावजींचा." त्यांनी फोन तोंडाजवळ आणला. "तुमच्या बहिणीच्या वाटचं दूध प्यायलेला तो मी."

 पलीकडनं एक थकलेला आवाज आला. "सगुणा. तिचं नाव सगुणा. आबाला ठावं नसंल, तो बारका होता. मी भिकाजी, तिच्यावरचा."

"भिकाजीदादा, आम्ही..."

"थांब रे. माझं ऐक. आबा बोलला ते मी एकदाच ऐकलं. पण तो गप बसला ना, तेवढं मी नंदाकडनं तीन वेळा लावून घेतलं. आमच्यासाठी कोण गप बसलेला मी जन्मात पयल्यांदा बघितला." त्याला धाप लागली. थोडं थांबून तो म्हणाला, "नि एक तुला ठावं नसंल. वाळीत टाकल्यावरपण तुझी आई दोन दिवस आली होती. परसातनं, चोरून. पाजून गेली. तिसऱ्या दिवशी तुझ्या बापानं दाराला भायेरनं कडी घातली. आमची आय मरेस्तोवर सांगायची, रावजीच्या बायकोनं आमाला टाकलं नव्हतं."

महेंद्र भिंतीकडं वळले. वर रावजींचा फोटो होता. त्याच्याकडं त्यांनी बघितलं, रागानं नाही, पण नेहमीसारखंही नाही.

"दादा, डायलिसिस कधी असतं?"

"उद्या हाय. का रे?"

"मी येतो. उद्याच येतो. तुमच्या सोबत बसतो तिथं."

"येवढ्या लांबनं? कशाला उगा त्रास?"

"तेव्हा कोण आलं नाही, दादा," महेंद्र म्हणाले.   दोघंही म्हातारे फोन धरून गप्पच राहिले. स्वप्नानं या वेळी सेकंद मोजले नाहीत.

संध्याकाळी तिनं ती ओळ पुन्हा उघडली आणि पुरी केली: "घर सहावे – सहदेव, भिकाजी आणि सगुणा". महेंद्रांनी ती मोठ्यानं वाचली, बरोबर आहे म्हणाले, आणि चिपळूणची पहिली गाडी किती वाजता सुटते ते विचारायला डेपोत फोन लावला.