माझ्या मागच्या चाकाचा ढिला नट

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रंगाने फिकट निळी, दिवे गोल, आणि दार लावताना जरा जोरात ओढावे लागते. रोह्याच्या रस्त्यावर माझ्या वयाची दुसरी गाडी आता सहसा दिसत नाही.

जोसेफ मास्तरांनी मला घरी आणले तेव्हा त्यांच्या आळीत ज्यू लोकांची बरीच घरे होती. एकेक कुटुंब इस्रायलला गेले. त्यांच्या ट्रंका टपावर बांधून मीच त्यांना विमानतळावर पोचवले. मास्तर आणि रेबेकाबाई मात्र इथेच राहिले. त्यांना मूलबाळ नव्हते. शेजारचा आदेश त्यांच्याच अंगणात वाढला. बाईंनी त्याला शाळेत शिकवले, मास्तरांनी गाडी चालवायला शिकवली. तो माझ्यावरच शिकला. मास्तर वारल्यावर दर रविवारी तोच मला धूत असे. त्याचे हात माझ्या ओळखीचे झाले होते.

आदेशला मी हवी होते. लग्नात नवरा-नवरीला मिरवायला जुन्या गाड्यांना हल्ली मागणी असते. त्याने बाईंना विचारून पाहिले. बाई म्हणाल्या, "मी चालवतेय तोवर राहू दे रे." तो हसला आणि फडके पिळून वाळत घातले. मला वाटले, विषय मिटला.

गणपतीच्या आधी एका संध्याकाळी तो पक्कड घेऊन माझ्याखाली शिरला. काही दुरुस्त करत असेल, असे मला वाटले. त्याने मागच्या डाव्या चाकापाशी ब्रेकच्या नळीचा नट थोडा ढिला केला. मित्रांनो, त्या नळीतून ब्रेक ऑइल जाते. पेडलवर पाय पडला की त्याच्याच दाबाने माझी चाके थांबतात. मी मुकी. काय सांगणार आणि कुणाला?

दुसऱ्या दिवशी बाईंना माझ्याखाली ओला डाग दिसला.

"जुनी गाडी हाय, बाई. गळणारच," आदेश म्हणाला. "मी ऑइल ओतलंय. पण आता हिचा भरवसा नाय."

भरवसा नाही, असे तो माझ्याविषयी म्हणाला.

शेजारच्या दिपिकाच्या घरचा गणपती दरवर्षी माझ्याच मागच्या सीटवर बसून हमरापूरहून येतो. दोन दिवसांनी मूर्ती ठरवायला बाई आणि दिपिका निघाल्या. आदेश घरी नव्हता. भिसे खिंड आम्ही सहज चढलो. उताराला लागल्यावर बाईंनी ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला गेले. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. खालच्या वळणावरून एसटी वर येत होती.

"दिपिका, घट्ट धर," बाई एवढेच बोलल्या. त्यांनी गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि मला डोंगराच्या अंगाच्या चरात घातले. माझा पत्रा खडकाला घासत गेला आणि मी थांबले. एसटी शेजारून निघून गेली. बाईंचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. दिपिकाने एकेक बोट सोडवले.

टेम्पोला बांधून मला पेणला, प्रतिक्षाच्या गॅरेजमध्ये नेले. तिने ब्रेक ऑइलची डबी उघडली. तळ दिसत होता. तिने नवे ऑइल भरले, मला उचलून धरले, चारही चाकांच्या आतली बाजू कोरडी पुसली आणि बाईंना पेडल दाबून धरायला सांगितले. पुढची चाके कोरडी राहिली. मागचे उजवेही. डाव्या चाकापाशी मात्र नटाच्या कडेने एक थेंब फुगला आणि खाली पडला.

"नळी फुटलेली नाय, आतला रबर बी चांगला हाय," प्रतिक्षा म्हणाली. "नट ढिला हाय. त्याच्यावर पकडीचे दात उमटलेत, ते पण ताजे. आम्ही इथं पाना लावतो, बाई. तुमच्या गाडीखाली कोण जातं?"

बाई उतरल्या. वाकून त्यांनी तो नट बराच वेळ पाहिला.

आम्ही घरी परतलो तेव्हा माझा चेपलेला पत्रा पाहून आदेश धावत आला. "लागलं नाय ना, बाई? तरी मी म्हणत होतो, देऊन टाका."

"पक्कड कुठे ठेवलीस?" बाईंनी विचारले.

त्याने मान खाली घातली. "तुम्ही कंटाळून गाडी मला द्याल म्हणून नट थोडाच ढिला केला. बाजारापलीकडं तुम्ही जाल असं वाटलं नाय."

"बाजारात कुणी मेलं असतं तर चाललं असतं?"

बाईंनी हात पुढे केला. त्याने माझी दुसरी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि अंगणातून निघून गेला.

आता माझे ब्रेक पक्के आहेत. तरी बाई निघण्याआधी दुखऱ्या गुडघ्यांनी खाली वाकून माझ्याखालची जमीन बघतात. आत बसल्यावर पेडल दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. आधी त्या माझ्याशी बोलत बोलत गाडी चालवत. आता नुसत्या कान देऊन बसतात.

मित्रांनो, गाडीखाली ओल दिसली तर वरून ऑइल ओतून निघू नका. कुठून गळते ते शोधा. आणि कुणी विश्वासाने आपली गाडी तुमच्या हाती दिली, तर तिच्यात बसणारी माणसे आठवा. माझा नट प्रतिक्षाने एका झटक्यात आवळला. बाई अजून पेडल दाबून पाहतात.