आधीची टाच, नंतरची टाच

दादा बोटं चाटत होता. आधी अंगठा, मग पहिलं बोट, मग मधलं, आणि त्याच ओल्या बोटाने तो भोंगीचा फोन वरखाली सरकवत होता. काचेवर गोगलगाय फिरून गेल्यासारखा चकचकीत पट्टा उमटला.

"शी, दादा! हात तरी पूस."

"पुसतो गं बाई." त्याने हात पुसले ते पँटला. "लक्ष इकडे दे. वेबसाइट नको, दुकान नको, माल नको. ह्याला म्हणतात ॲफिलिएट मार्केटिंग. वस्तू कंपनीची, पार्सल कंपनीचं. आपण मधे फक्त लिंक द्यायची. तिला आपला नंबर चिकटलेला असतो. त्या लिंकवरून कुणी काही घेतलं की कंपनीला कळतं, हे गिऱ्हाईक भोंगीने आणलं. की आलं कमिशन."

"पण फॉर्मवर वेबसाइटचा पत्ता मागितलाय."

"तिथे पेजचा पत्ता टाकायचा. फोटोंच्या ॲपवर पेज काढायला काय पडतं? झोपेतही निघतं."

दादा म्हणजे तिचा आतेभाऊ. स्वतःला कोच म्हणवून घ्यायचा. कसला कोच, हे खुद्द आत्यालाही ठाऊक नव्हतं. पोट उतरवणारे पट्टे, केस उगवणारी तेलं, असं बरंच काही न खपता त्याच्या पलंगाखाली धूळ खात पडलं होतं. एरवी भोंगीने त्याला दारातही उभं केलं नसतं. पण सध्या तिचे पाय जमिनीवर नव्हते. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता. कारखान्याच्या भोंग्यासारखा आवाज म्हणून आळीने जिला भोंगी करून टाकलं, तिला त्याच आवाजाचा करंडक मिळाला होता. आता मोठी फेरी दुसऱ्या शहरात होती, आणि जाण्यायेण्याच्या खर्चासाठी आई जादा पाळी करत होती.

आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. नऊ नऊ तास सिमेंटच्या फरशीवर उभी, समोर वाफ. घरी आली की ती टबात कोमट पाणी घ्यायची, त्यात पाय सोडायची आणि "हं, सोड भाषण" म्हणायची. भोंगी टॉवेल खांद्यावर टाकून भाषण ठोकायची. आई डोळे मिटून ऐकायची आणि मधेच ओरडायची, "मागच्या रांगेला ऐकू आलं नाही!" मागची रांग म्हणजे आई आणि टब. मग भोंगी तिच्या टाचा दगडाने घासायची, आणि आई दिवसभराच्या गमती सांगायची. कुणाच्या खिशात कुणाची चिठ्ठी सापडली, कुणाच्या कोटात आख्खं सफरचंद. दोघींचा हा तास म्हणजे करंडकाची खरी जागा होती. करंडक नुसता कपाटावर होता.

तर ह्या आईची जादा पाळी बंद करायची, हे भोंगीच्या डोक्यात बसलं.

"काय विकू?" तिने विचारलं.

"मलम. भेगाळलेल्या टाचांचं. ह्यावर कमिशन दणदणीत आहे." दादाने खुर्ची पुढे ओढली. त्याच्या तोंडाला काल रात्रीच्या जेवणाचा वास होता. "आणि गुरुमंत्र ऐक. लोकांना आधी किळस आणायची, मग लिंक द्यायची. उलटं केलंस तर बसशील माशा मारत. आधीचा फोटो असा पाहिजे की बघणाऱ्याचा घास घशात अडकला पाहिजे."

"असा फोटो आणू कुठून?"

दादाने फक्त आतल्या खोलीकडे बघितलं. आईची सुट्टी होती. ती चटईवर पालथी झोपली होती, आणि पाय उंबऱ्याबाहेर आले होते.

भोंगीने फोटो काढला. खरं सांगायचं तर दोन मिनिटंही विचार केला नाही. टाचच टाच, बाकी काही नाही. घोट्यावरचा इस्त्रीच्या चटक्याचा डागसुद्धा तिने कापून टाकला. कोण ओळखणार? स्वतःची टाच मागून कधी कुणी पाहिलेली असते का? दादाने फोटो काळपट केला, भेगा गडद केल्या. त्यांत मळ भरल्यासारखा दिसायला लागला.

"आता नंतरची."

नंतरची टाच भोंगीची. पावडर चोळून, खिडकीच्या उजेडात. मऊ, गुलाबी. फक्त कडेला एक तीळ होता. लहानपणी आई त्याला दारावरची घंटा म्हणायची आणि अंगठ्याने दाबून "टिंग टिंग, घरात कुणी आहे का?" असं विचारायची. दादाने तो बोटाच्या एका फटक्यात पुसून टाकला. "मलमाने टाच साफ झालीये, डाग कशाला?"

तीळ गेला तेव्हा भोंगीला कसंतरीच झालं. पण तिला मजकूर लिहायचा होता, आणि मजकूर म्हटलं की ती आईलासुद्धा ओळखत नसे.

तिने तो भाषणासारखाच लिहिला, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून. "अशा टाचा घेऊन तुम्ही चारचौघांत जाता? समोरचा बोलत नाही, पण त्याला तुमची किळस येते. माझीही मला यायची. मग मला हे मलम मिळालं. पंधरा दिवसांत बघा, माझीच टाच! घाण लपवू नका, घालवा." मलमाची डबी तिने जन्मात पाहिली नव्हती.

"कमिशन मिळतं हे खाली लिहायचं असतं ना?" तिने विचारलं. "नियमात आहे."

"नियमात शंभर गोष्टी असतात," दादा म्हणाला आणि पुन्हा अंगठा चाटला.

पोस्ट अशी पसरली की बघायला नको. ईईई. जेवत होतो यार. मगरीची पाठ आहे का? ही बाई अंथरुणात पाय घालते की खिळे? कापा तो पाय. कुणीतरी ओकाऱ्यांची चित्रं ओळीने टाकली होती, अठरा. भोंगी वर्गात बाकाखाली फोन धरून हसली. प्रत्येक शेऱ्याला तिने बदाम दिला. शेरे वाढले की पोस्ट वर येते, असं दादाचं म्हणणं होतं.

पाचव्या दिवशी शेवटच्या तासाला फोन थरथरला. पहिली विक्री! भोंगी शाळेच्या फाटकापर्यंत धावत गेली आणि तिथे अशी किंचाळली की शिपाईकाकांच्या हातातली किल्ली पडली. कमिशन किती? एक बॉलपेन येईल इतकं. पण सुरुवात तर झाली! हे घरी जाऊन कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

घरी आई आली होती. टब मोरीत पालथा होता. आणि आईने मोजे घातले होते.

"मोजे? ह्या उकाड्यात?"

"फरशी गार लागते," आई म्हणाली आणि पाय साडीखाली ओढून घेतले.

"बरं, भाषण ऐकतेस?"

"उद्या ऐकते गं. आज दमले."

उद्याही मोजे होते. परवाही. संध्याकाळी घर गप्प असायचं. खिसे नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. कोपऱ्यात घामेजलेल्या लोकरीचा कुबट वास भरला, आणि आई रात्रीसुद्धा मोजे काढेना. भोंगीला विक्रीचं सांगायचं राहूनच गेलं.

मग रविवारी दार वाजलं. पार्सल. आईच्या नावाचं. आत डबी होती. तीच. लिंकवरच्या फोटोतलं तेच हिरवं झाकण, तेच पान काढलेलं.

"आई, हे कुठून मागवलंस?" भोंगीचा भोंगा कुठल्या कुठे गेला होता.

"लॉन्ड्रीतल्या मावशींनी मागवून दिलं. मशीन चालवतात त्या." आई खाली बघून बोलत होती. "त्यांच्या फोनवर फोटो होता. एका बाईच्या टाचेचा. सगळ्या बघून शी शी करत होत्या. मीपण केलं हो. हसलेसुद्धा. मग मावशी म्हणाल्या, अगं, तुझी टाच कुठे वेगळी आहे? सगळ्यांनी माझ्या पायांकडे बघितलं." तिने मोजे वर ओढले. "इतकी वर्षं मी चपला काढून उभी राहते तिथे. कुणाला किळस येत असेल, हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

भोंगी बाहेर गेली आणि जिन्यात उभं राहून तिने दादाला फोन लावला.

"दादा, ती विक्री... ती आईचीच आहे."

पलीकडून काहीतरी कुरकुरीत चावल्याचा आवाज आला. "मग? पहिली विक्री सगळ्यांची घरातूनच होते. ही तर पद्धतच आहे! आता मलम लावल्यावर मामीचा एक फोटो काढ. खरा नंतरचा मिळेल. काय?"

त्याच्या चावण्याचा आवाज कानात उतरत होता, मऊ आणि ओला. भोंगीने फोन बंद केला. पण दादावर थुंकून चालणार नव्हतं. त्याने नुसतं खोलीकडे बघितलं होतं. वाकून फोटो तिनेच काढला होता. त्या अठरा ओकाऱ्यांनाही बदाम कुणी दिला? तिला स्वतःच्या बोटांचीच शिसारी आली, जणू चाटून चाटून ती ओली झाली होती.

तरीही ती गप्प बसली. आईला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं तोवर सगळं ठीक होतं, नाही का? पेज गुपचूप पुसलं की झालं. रात्री तिने पुसलंही.

पण डबी पुसली गेली नव्हती. आई रोज मलम लावायची. नासलेलं लिंबू रॉकेलमध्ये बुडवावं तसला दर्प सुटायचा. चौथ्या दिवशी भेगांच्या कडा पांढऱ्या पडून सुटायला लागल्या, आणि आई दातओठ खात लावत राहिली.

"जळतंय तर लावू नकोस ना!"

"जळलं म्हणजे काम करतंय. त्या बाईची टाच कशी लोण्यासारखी झाली पंधरा दिवसांत. तिला जमलं, मला का नाही जमणार?" आईने दुसरं बोट भरून घेतलं. "सकाळ-संध्याकाळ लावते आता."

भेगेतून रक्ताचा एक थेंब आला आणि मलमात मिसळून गुलाबी झाला. भोंगीने आईचा हात धरला.

"आई, त्या बाईला नाही जमलं."

"तुला काय माहीत?"

भोंगीने फोन काढला. दादाने न पुसलेला, मूळ फोटो अजून तिच्याकडे होता. तिने तो आईपुढे धरला. पावडर चोळलेली गुलाबी टाच, आणि कडेला तीळ.

आईने फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग तिने अंगठा काचेवर, त्या तिळावर ठेवला.

"ही तर घंटा आहे," ती म्हणाली.

आईने मान वर केली नाही. ती त्या टाचेकडेच बघत होती, आणि भोंगीला कळलं, आता पुढचा प्रश्न येणार.

"मग आधीची कुणाची?"

भोंगीने आईच्या पायांकडे बघितलं. उत्तर तेवढंच होतं.

आईने मोजा उचलला. घालणार असं वाटलं, पण नाही. तिने त्याने मलम पुसून काढलं, एका पायाचं, मग दुसऱ्याचं, सावकाश, आणि मोजा कोपऱ्यात फेकला. "त्याखाली काहीतरी लिहिलं होतं. मावशींनी भरभर वाचलं, मला नीट कळलं नाही. तू लिहिलंस?"

"हो. पण आता पेज पुसलंय, आई, मी..."

"फोनमध्ये असेल. तू सगळं जपून ठेवतेस. वाच."

"आई, नको ना."

"उभी राहा आणि वाच. स्पर्धेत वाचतेस तसं."

भोंगी उभी राहिली. खांद्यावर टॉवेल नव्हता. हात कुठे ठेवायचे ते तिला सुचेना.

"अशा टाचा घेऊन तुम्ही..." तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ओळखू येईना.

"मागच्या रांगेला ऐकू आलं नाही," आई म्हणाली. तिचे डोळे मिटलेले नव्हते.

"अशा टाचा घेऊन तुम्ही चारचौघांत जाता?" समोर त्याच टाचा होत्या. पांढऱ्या, सुटलेल्या, एका भेगेत लाल रेघ. "समोरचा बोलत नाही, पण त्याला... त्याला तुमची..."

"पुढे."

"किळस येते."

"पुढे."

तिने शेवटपर्यंत वाचलं. जिथे श्वास घ्यायचा ठरवला होता तिथे हुंदका आला, तरी वाचलं. "घाण लपवू नका, घालवा" हे म्हणताना तिला खरंच ओकारी येईल असं वाटलं, आणि ती तोंड दाबून मोरीकडे पळाली. बाहेर काही आलं नाही. नुसती आंबट लाळ.

मागे आईचं पाऊल वाजलं, अनवाणी. तिने पालथा टब उचलला, नळाखाली धरला. गार पाणी घेतलं. तो खोलीत नेऊन ठेवला आणि भेगाळलेले, जळणारे पाय आत सोडले. तोंडातून बारीकसा आवाज निघाला.

भोंगी टॉवेल घेऊन दारात आली. टाचा घासायचा दगडही तिने सवयीने उचलला होता.

"दगड ठेव जागेवर," आई म्हणाली. "आज हात लावू नकोस."

भोंगीने दगड ठेवला. टॉवेल हातातच राहिला. आई पाण्याकडे बघत होती. भोंगी भिंतीला टेकून उभी राहिली, खोलीच्या अगदी मागच्या टोकाला.