नाकदाराचा होकार

दूध उतू गेलं, मग आटलं, मग करपलं. घरभर धूर. आणि नाकदार शेगडीकडे पाठ करून, हातभर अंतरावर, दोराला गाठी मारत बसला होता.

त्याची बायको, वहिनी, पाण्याची बादली घेऊन आली ती दारातच थांबली. "अहो!"

"काय गं?" त्याने वर पाहिलं. ती कुठे बघतेय ते बघायला मागे वळला आणि एकदम उठला. फडक्याशिवाय भांडं उचललं, हात पोळला, भांडं खाली.

"लक्षच नाही राहिलं."

"लक्ष डोळ्यांना द्यावं लागतं," ती म्हणाली. "नाकाला कशाला लागतं?"

ती मोरीत गेली, फरशी पुसायचं फडकं फिनेलमध्ये बुचकळलं आणि त्याच्या मागून येऊन त्याचे डोळे एका हाताने झाकले. दुसऱ्या हाताने फडकं नाकासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"हा काय पोरखेळ?"

"सांगा ना."

त्याने थोडा वेळ घेतला. "फडकं."

"कशाचं?"

"ओलं."

तिने डोळ्यांवरचा हात काढला. तो खाली बघत राहिला, पोळलेलं बोट तोंडात घालून, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा.

"कधीपासून?"

"गाळ काढायला लागलो त्यानंतर कधीतरी. मला वाटलं सर्दी आहे. येईल परत."

"आणि तिथे विहिरीवर रोज काय करता?"

त्याने दोर पुन्हा हातात घेतला. गाठ मारायला घेतली आणि ती गाठही सुटली.

आता कोणी म्हणेल, नाक गेलं तर गेलं, एवढं काय आभाळ कोसळलं? कोसळलं होतं. ते असं.

शहराच्या पाठीमागे एक खारं तळं होतं. समुद्राचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून आत यायचं, ओहोटीला परत जायचं. बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी दार होतं आणि दाराजवळ उतरायला विटांची अरुंद विहीर. दार कधीतरी गंजून अडकलं आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. वाटण्या झाल्यावर भाऊ भावाशी बोलत नाही तसं झालं. समुद्र बाहेर, तळं आत. शहराने मग आपली सगळी घाण तळ्यात ओतली. पाणी आधी चहासारखं झालं, मग शाईसारखं. मासे उलटे होऊन काठाला लागायचे. आणि मग बड्या लोकांना एकदम कळवळा आला, तळं जिवंत करायचं म्हणून. काळा गाळ उपसायचा, काठाने खारफुटी लावायची आणि ते दार मोकळं करायचं. दार मोकळं करायला माणसाने विहिरीत उतरून खाचांतला गाळ खरवडायचा, बादल्या भरून वर द्यायच्या. यंत्र आत जात नाही. माणूस जातो.

पहिल्या दिवशी इंजिनीअर बाई आल्या होत्या. म्हणाल्या, "गाळाच्या पोटात वायू असतो. कुजक्या अंड्यांचा वास येतो ना, तोच. पण वायू वाढला की तो आधी नाक मारतो, मग माणूस. वास एकदम गेला असं वाटलं तर तिथे थांबू नका." आणि मुठीएवढं एक यंत्र देऊन गेल्या. यंत्र चालू केलं तसं जे बोंबलायला लागलं ते थांबेचना. मुकादमाने दोन दिवस ऐकून घेतलं.

"हे तर तान्ह्या पोरासारखं आहे," तो म्हणाला. "याचं रडणं ऐकायचं का काम करायचं?" त्याने यंत्र गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये टाकलं. आणि बाईंच्या बोलण्यातून आपल्या सोयीचं तेवढं काढून नियम केला. माणूस उतरायच्या आधी कोणीतरी विहिरीत वाकून वास घ्यायचा. वास आहे, तर उतरा. नाही, तर नको.

पण वास घेणार कोण? त्या काठावर जन्म काढलेल्यांची नाकं केव्हाच दगड झाली होती. एकट्या याचंच नाक जागं होतं. तिसऱ्या घरात काय शिजतंय ते हा आपल्या पायरीवरून सांगायचा. मासे मरणार असले की आदल्या दिवशी सांगायचा. तोवर त्याचा उपयोग फक्त हसायला. वॉचमनकी केली, हमाली केली, औषधाच्या दुकानात बाटल्या धुतल्या, कुठे टिकला नाही. वहिनीच्या माहेरचे म्हणायचे, जावयाचं नाकच तेवढं कामाचं, बाकी माणूस बिनकामाचा. आणि खरंच ते नाक कामाला आलं. फौजदार, हवालदार, तसा हा नाकदार. मुकादमाने त्याला खुर्ची दिली, केशरी जाकीट दिलं. रोज सकाळी तो विहिरीवर वाकायचा, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा. तेवढा वेळ गाळ उपसणारं यंत्रसुद्धा बंद. मग तो ताठ उभा राहून म्हणायचा, "आहे." मग माणूस उतरायचा.

लग्नानंतर पहिल्यांदा वहिनीने लोकांना त्याची वाट बघताना पाहिलं होतं. गल्लीत तिलाही आता सगळे वहिनी म्हणायचे, नाकदाराची बायको म्हणून. आधी तिला कोण काय म्हणायचं ते सोडा.

"मुकादमाला सांगून टाका," ती म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"दार मोकळं होत आलंय. जरासंच राहिलंय. तेवढं होऊ दे."

"आणि तेवढ्यात काही झालं तर?"

"मी बुडबुडे बघतो ना. खालच्या पाण्यावर किती येतात, कसे येतात. अंदाज येतो मला." मग जरा चिडून, "सांगितलं तर उद्यापासून घरी बसेन. बसवशील मला घरी? परत?"

वहिनीने करपलेलं भांडं उचललं. बराच वेळ घासलं. मग म्हणाली, "माझा भाऊ विहिरीत उतरणार नाही. तेवढं बघा."

"तो कशाला उतरेल? तो वर दोर धरतो. उतरतो तो पाणकोळी."

"मग ठीक."

हे "मग ठीक" तिने आपल्या तोंडाने म्हटलं. कोणी गळा धरला नव्हता.

पाणकोळी म्हणजे त्या पाण्यात बुड्या मारणाऱ्या पक्ष्यासारखाच. मान लांब, अंगावर मांस नाही, श्वास कोंडून धरण्यात पक्का. विहिरीच्या तोंडातून तोच सहज जायचा. त्याची बायको गप्पी, वहिनीच्या शेजारच्या ओळीत रोपं लावायची. गप्पी नाव बायकांनी ठेवलं होतं, कारण तिचं तोंड मिटलेलं कोणी पाहिलं नव्हतं. गुडघाभर चिखलात खड्डा करायचा, रोप ठेवायचं, दोन्ही हातांनी चिखल दाबायचा, पुढचं. हात चालायचे आणि गप्पीचं तोंडही.

सकाळी विहिरीकडून "आहे" ऐकू आलं की गप्पी म्हणायची, "झालं! उतरले आमचे राजे पाताळात."

वहिनी मान खाली घालून चिखल दाबायची. इतका, की रोप वाकडं व्हायचं.

त्या दिवसांत तिच्या बोटातली चांदीची अंगठी काळी पडली. टूथपेस्ट लावून घासली, लखलखीत केली. संध्याकाळी परत काळी.

"अगं, तुझ्या अंगठीला कोणाची दृष्ट लागली?" गप्पी म्हणाली. "माझी बघ. पितळेची! तिला कोण विचारतंय?"

वहिनीने अंगठी काढून पदराच्या टोकाला बांधली. गप्पी आपली बोलतच होती. तिच्या नवऱ्याला हल्ली जेवण जात नाही, डोळे लाल असतात, बहुतेक चष्मा लागणार. "चष्म्यात कसे दिसतील गं आमचे? बांबूला खिडकी!" वहिनीला हसू आलं नाही. पूर्वी ती याच बाईच्या बोलण्यावर पोट धरून हसली होती. आता गप्पीने हाक मारली तरी ती दचकायची, आणि त्याचा राग गप्पीवरच काढायची. "जरा गप बस ना तू! डोकं उठवलंस."

गप्पी पुढचं रोप उचलायची. मग, "रात्री भांडण झालं वाटतं," असं म्हणून पुन्हा सुरू.

पुढे एक सकाळ अशी उगवली की वारा पडलेला. तळ्याचं पाणी तेल ओतल्यासारखं जड, हलेना. वहिनी काठावर आली तर समोरच्या भिंतीवर खेकडे. लहान, मोठे, सगळे पाण्यातून निघून भिंतीवर चढलेले आणि तिथे चिकटून राहिलेले. दगड मारला तरी खाली जाईनात.

गप्पी उशिरा आली. रोपांचा ट्रे डोक्यावरून उतरवत म्हणाली, "आमचे आज सुट्टीवर. काल वर आले तेव्हापासून डोकं फुटतंय म्हणाले. रात्रभर खोकले, ना स्वतः झोपले ना मला झोपू दिलं. आत्ता कुठे पहाटेला डोळा लागला. म्हटलं झोपा, एक दिवस तुमच्यावाचून तळं मरत नाही. ते आधीच मेलंय!"

ती एकटीच हसली.

वहिनीचा हात चिखलात तसाच राहिला. "मग आज खाली कोण?"

"बघ की. तुझाच."

विहिरीच्या कठड्यावर तिचा भाऊ बसला होता. कमरेला दोर बांधत होता. दुपारी बडे लोक बघायला येणार होते, त्यांच्यासमोर दार वर उचलायचं होतं, त्यामुळे मुकादम घाईत.

"मुकादम, दार उघडलं की पाटीवर माझं नाव घाला," भाऊ म्हणाला.

"पाटीवर? तुझं तोंड बघून समुद्र उलट्या पावली परत जाईल. चल, आटप."

नाकदार खुर्चीतून उठला नव्हता. त्याने चिखलातल्या बायकांकडे पाहिलं, त्यांत वहिनीला शोधलं. तिला वाटलं, आता सांगतील. भावाचं तेवढं बघा म्हटलंय मी त्यांना.

"दाजी, उठा की!" भाऊ म्हणाला. "सासुरवाडीचा माणूस उतरतोय. जरा मायेने वास घ्या."

दोरावरचे हसले. नाकदार उठला. विहिरीवर वाकला.

वहिनी निघाली. चिखलाने पाय धरला. उपसला, पुढे टाकला, तो परत रुतला. स्वप्नात धावतात तशी ती धावत होती, सगळा जोर लावून आणि जागच्या जागी. "थांबा" म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात गाळ उपसणारं यंत्र बंद झालं, रोजच्यासारखं, आणि त्या शांततेत तिलाही रोजच्यासारखं गप्प राहावंसं वाटलं. आता सांगतील. आता.

नाकदार ताठ उभा राहिला. डोळे मिटलेलेच.

"आहे," तो म्हणाला.

भावाने विहिरीच्या भिंतीतल्या पहिल्या कडीवर पाय ठेवला.

"नाही!" वहिनी ओरडली. "नाही, नाही! त्यांना वास येत नाही! वर ये तू! त्यांना कसलाच वास येत नाही!"

आधी लोक हसले. "वहिनी, घरचं भांडण घरी," कोणीतरी म्हणालं. भावाचं डोकं एव्हाना कठड्याखाली गेलं होतं. मुकादमाने नाकदाराच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू जागीच मेलं.

"खरं आहे," नाकदार म्हणाला. अगदी हळू. ज्यांना ऐकू जायचं त्यांना गेलं.

"ओढा! अरे ओढा रे!"

दोर ताणला. वजन लागलं. फार वजन लागलं, जिवंत माणूस स्वतः चढतो तेव्हा लागतं त्यापेक्षा जास्त. मग कठड्यावर एक हात आला, राखेसारखा. त्याला काखेत धरून बाहेर काढलं. तो पालथा पडला, ओकला, आणि घशातून घर्र आवाज करत त्याने श्वास घेतला. एक. मग दुसरा. वहिनी तिथे पोहोचली आणि त्याची पाठ चोळत बसली, जणू चोळायची थांबली तर तो श्वास घ्यायचा थांबेल.

"ताई," तो म्हणाला, "खाली वासच नव्हता गं. एकदम स्वच्छ. कड्या हातातून सुटल्या, बास."

कोणीतरी शेडमधून गोणपाट पळवत आणलं, यंत्र बाहेर काढलं. ते केव्हाच बंद पडलं होतं.

मुकादम नाकदाराच्या अंगावर धावून गेला. "किती दिवस? अरे बोल, किती दिवस आम्हाला बनवतोयस?" नाकदाराने जाकीट काढलं. घडी घातली. खुर्चीवर ठेवलं. मग कुठे जायचं ते न सुचल्यासारखा तिथेच उभा राहिला, आणि ज्याला जे बोलायचं ते बोलू दिलं.

गप्पी माणसांतून वाट काढत आली. सगळे ओरडत होते, तीच एक गप्प होती. नाकदाराकडे तिने पाहिलंही नाही. ती वहिनीसमोर उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

वहिनीचा हात भावाच्या पाठीवर थांबला.

"कधीपासून?" गप्पीने विचारलं. "आमचे उतरायचे तेव्हापासून?"

"मी म्हटलं होतं त्यांना... मी सांगणार होते..."

"रोज माझ्या शेजारी बसून?"

गप्पीने आपल्या हातांकडे पाहिलं, चिखलाने बरबटलेल्या. ते लुगड्याला पुसायला लागली. मध्येच थांबली. काहीतरी आठवल्यासारखी तिने मान वर केली आणि गल्लीकडे पाहिलं.

"झोपलेत," ती म्हणाली. कोणालाच नाही. "रात्रभर खोकले ना, म्हणून झोपलेत. मी निघाले तेव्हा झोपलेच होते."

ती चालायला लागली. मग भराभर चालायला लागली. मग पळायला.

भावाला सावलीत नेऊन पाणी पाजलं, त्याच्या तोंडावर रंग आला. इंजिनीअर बाईंना फोन गेला. बायका घोळक्याने उभ्या राहून कुजबुजत होत्या, आणि वहिनी जवळ आली की थांबत होत्या. ती काठावर उतरली. गप्पीचा ट्रे उन्हात तसाच पडला होता. रोपांची मुळं सुकत चालली होती.

वहिनी गप्पीच्या ओळीत गुडघ्यावर बसली. खड्डा केला, रोप ठेवलं, दोन्ही हातांनी चिखल दाबला. पुढचं घेतलं. तिथून गल्लीचं तोंड समोर दिसायचं. तिने तिकडे पाहिलं नाही.

"ताई," काठावरून भावाचा आवाज आला. अजून घोगराच होता. "ताई, गल्लीत माणसं जमतायत."

रोप थोडं कलंडलं होतं. तिने ते सरळ केलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं.