शुक्राशय : खाली

देवासच्या कॉलेजात स्वप्नालीने दोन वर्षं फळमाश्यांचे नर चिरण्यात घालवली, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. माशीच्या वृषणात चौसष्ट शुक्राणू एकाच गाठोड्यात, एकमेकांना जोडलेले वाढतात. शेपट्या जवळपास माशीच्या अंगाएवढ्या लांब झाल्या की एकेक सुटा होतो आणि शुक्राशयात, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, उतरतो. तिच्या माश्यांच्या एका वाणात हे सुटणंच बिघडलेलं होतं. अशा नरांची पिशवी रिकामीच असणार, असं सगळे धरून चालत. तिच्या माश्यांत ती रिकामी नव्हती. थोडे हट्टी शुक्राणू सुटून आलेच होते. शोध एवढाच, पण तो तिचा होता.

वही तिने फक्त तिच्या मार्गदर्शकांना, विक्रमसिंहांना दाखवली. ते वडिलांचे जुने स्नेही, तिचे लहानपणापासूनचे काकासाहेब. "ठेवून जा, निवांत बघतो," म्हणाले होते.

आज धारच्या परिषदेत त्यांची भाची मोना व्यासपीठावर उभी होती आणि पडद्यावर स्वप्नालीच्या वहीतली चित्रं होती.

"और शुक्राशय पूरा खाली मिला," मोना म्हणाली.

स्वप्नालीने वहीत लिहिलं होतं, 'शुक्राशय : खाली'. म्हणजे चित्र पानाच्या खालच्या बाजूला आहे! हिंदी शाळेत शिकलेल्या मोनाने ते रिकामं वाचलं. चोरायचंच होतं तर बाईने निदान मराठी तरी धड वाचायची.

परीक्षकांनी चष्मा काढला. "वो तो खाली होता ही है. इसमें नया क्या है?"

मोनाने काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेब मागे वळले, तेही किती मायेने! "स्वप्नाली बेटा, सांग गं जरा. आपलीच मोना आहे."

स्वप्नाली गप्प बसली असती तर मोनाची फजिती झाली असती, आणि ती तिला हवीच होती. पण मग तिच्या माश्यांच्या नावावर खोटं कायमचं चिकटलं असतं. तिला संतापाने रडू येत होतं. तरी ती उठली. शुक्राणू आहेत, किती आहेत, किती दिवसांच्या नरांत दिसतात, सगळं तिने सांगितलं.

"आणि सर, हे काम..."

"वा, मोनाजी!" परीक्षक खूश होऊन म्हणाले. "आपकी असिस्टेंट बड़ी होशियार है."

पहिली टाळी काकासाहेबांनी वाजवली.