काळ्या पट्ट्यांचा तंबू

मी एक तंबू बोलतोय. सहलीला नेतात तसला नव्हे. टेबलावर मावेन एवढाच, पांढऱ्या मलमलीचा. माझ्या पोटात भांडी ठेवतात आणि पुढच्या फटीतून त्यांचे फोटो काढतात.

मला घडवलं भाईंदरच्या नवघर भागातल्या नेत्राने. ती तिथल्याच जुन्या कोळी घरातली. आसपासच्या गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात, ती ऑनलाइन विकायची तर फोटो लागतात, आणि ते काढणं हा तिचा धंदा. पण स्टील म्हणजे आरसाच. टोपावर कॅमेरा दिसायचा, पंखा दिसायचा, खुद्द नेत्राही दिसायची. म्हणून तिने मला शिवलं. माझ्या आत ठेवलेल्या टोपावर बाहेरचं काहीच उमटेना, पण चहूकडून पांढरं पडल्यामुळे टोपाचा काठच हरवून गेला.

नेत्रा वैतागली. तेव्हा तिच्या आईने, सत्यवतीने, मोडक्या छत्रीचं काळं कापड कापून माझ्या आत पट्ट्या टाचल्या. नेत्राने त्या दोरीवर सरकत्या केल्या. पट्टी जिथे आणाल तिथे भांड्यावर बारीक काळी रेघ उमटायची आणि काठ उठून दिसायचा.

"आता हा टोप हाय," सत्यवती फोटो बघून म्हणाली. "मगाशी पापड व्हता."

नेत्राने ही युक्ती लपवली नाही. जवळच्या सिल्व्हर पार्क भागात फोटोग्राफरांचा मेळावा भरला, तिथे मला टेबलावर मांडून तिने सगळ्यांना शिकवलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओही नेटवर टाकला. त्या दिवशी पट्ट्या सरकवत होता प्रीतम, तिच्याकडे काम शिकणारा चेणे गावचा तरुण. हात हलका, डोळा चांगला. पुढे त्याला असेच फोटो काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हा नेत्रानेच पेढे वाटले.

मग एक दिवस भांडीवाले गुणवंतशेठ आले. बसलेसुद्धा नाहीत.

"नेत्राबेन, वो बडी फोटोवाली कंपनी बोलती है, ये पट्टीवाला तरीका उनका है. पेटंट के लिए अर्जी डाला है. मेरे को कोर्टकचेरी नहीं मंगता. अभी काम रोक दो."

अर्जावर संशोधक म्हणून नाव होतं प्रीतमचं.

एकामागून एक गिऱ्हाइकं थांबली. नेत्रा माझ्यासमोर नुसती बसून राहायची. मी रिकामा.

तिची शाळेतली मैत्रीण रीमा पेटंटचं काम बघते. ती घरी आली. तिने पहिला प्रश्न विचारला, "त्यांच्या अर्जाआधी हे कुणाला दाखवलं होतंस?"

"सगळ्यांनाच," नेत्रा खालच्या आवाजात म्हणाली. "माझीच चूक."

"उलट. जे आधीच चारचौघांत उघड झालंय ते नवं राहत नाही. नव्या गोष्टीलाच पेटंट मिळतं. त्यांचा अर्ज आपण अडवू शकतो. पण नेत्रा, मग तुलाही ते मिळणार नाही. आता ते कुणाचंच नाही."

नेत्राने माझी एक सैल दोरी ओढून घट्ट केली. मग म्हणाली, "अडवूया. निदान मला माझं काम तरी करता येऊ दे."

रीमाने हरकत नोंदवली, सोबत मेळाव्याचा व्हिडिओ जोडला. सुनावणी व्हायला खूप काळ गेला. त्या काळात नेत्राने वाढदिवसांचे फोटो काढले, पासपोर्ट साइजचे काढले. शेवटी कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. गुणवंतशेठ परत आले, या वेळी बसले, चहाही प्यायले.

काही दिवसांनी प्रीतम आला. दारातच उभा राहिला.

"मी त्यांना तुमचं नाव सांगितलं होतं, ताई. ते म्हणाले, कंपनीच्याच माणसाचं घालायचं. मी सही केली. आता नोकरी सोडली मी."

आतून सत्यवती म्हणाली, "दारान उभा ऱ्हाऊ नको. आत ये, जेव."

जेवून झाल्यावर त्याने चाचरत विचारलं, "स्वतःचं काम सुरू करतोय. असा तंबू शिवू का?"

"मला कशाला विचारतोस? आता कुणालाच विचारायची गरज नाही."

"तरी विचारतोय."

नेत्राने त्याच्याकडे पाहिलं. मग मला जवळ ओढून आतली पट्टी बोटांत धरली. "हिच्यापेक्षा जरा रुंद घे. कढईला ही अरुंद पडते."

आता माझी मलमल पिवळी पडलीय, शिवण उसवलीय. कामाला नवा तंबू आहे. शिकायला येणाऱ्यांना दाखवायला नेत्रा अजून मला माळ्यावरून खाली काढते, म्हणून बरं वाटतं. माझ्यासारखे तंबू आता कुठे कुठे शिवले जात असतील. शिवा, खुशाल शिवा. एवढंच मागतो, कुणाकडून शिकलात ते सांगत जा. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.