अपेक्षाच्या पेशी

पोरीचं कौतुक सांगायला घनश्यामला निमित्त लागत नसे. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात कुणी कांद्याचा भाव विचारला, तरी त्याची गाडी वळून वळून पुण्याला, अपेक्षाच्या प्रयोगशाळेवर यायची. हृदयाच्या नळ्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल, म्हणजे चरबी, साचून त्या कडक होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे घुसून ती चरबी गिळतात. आणि आपली लेक त्याच पेशींवर संशोधन करते, एवढं त्याने फोनवर ऐकलं होतं. एवढंच ऐकून, छातीत स्टेंट बसवलेल्या या पठ्ठ्याने आपली कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. घरच्या पोरीच्या पेशी आत राबत असताना बाहेरची गोळी कशाला, असा त्याचा सरळ हिशोब.

सीतादहीला अपेक्षा गावी आली. पहिल्या वेचणीला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मगच कापसाच्या बोंडाला हात लावायचा, ही तिकडची रीत. नैवेद्य झाला, बाया कमरेला झोळ्या बांधून कापसात शिरल्या, आणि अपेक्षाच्या आईने, तानाबाईने, शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, नवऱ्याची चुगली केली. पोळ्यापासून यांची गोळी बंद आहे म्हणाली.

अपेक्षा चिडली नाही, हेच घनश्यामला जास्त झोंबलं. तिने समोरच्या बायांकडे बोट दाखवलं.

"बाबा, ह्या बायायनं झोळी रिकामीच केली नाही, नुसत्या वेचतच राह्यल्या, तं काय होईन?"

"काय होईन? वझ्यानं जाग्यावरच बसतीन."

"त्या पेशीयचं तेच होते. चरबी खाऊन खाऊन फुगते, नळीच्या भिंतीतच अडकते अन् तिथंच मरते. मंग गठ्ठा अजून वाढते. त्यायच्या पोटातला माल बाहेर कसा काढाचा, ते मी शोधून राह्यली. अजून गवसलं नाही. नवा माल कमी कराचं काम तुमची गोळी करते, अन् तुम्ही तेच बंद केली."

घनश्यामला काळजी लागली, ती स्वतःची नव्हे. शेजारच्या तांड्यावरच्या खेमसिंगलाही स्टेंट होता आणि तशीच गोळी होती. भर बाजारात, छाती काढून, घनश्यामने त्यालाही ती सोडायला लावली होती, आणि तीही लेकीच्या नावावर. हे त्याने खालमानेने सांगितलं तेव्हा मात्र अपेक्षाचा चेहरा पार उतरला. ती त्याच्यासोबत तांड्यावर यायला उठली. त्याने तिला खाली बसवलं आणि मोटारसायकलला किक मारली.

एकदा बोललेला शब्द या माणसाने जन्मात मागे घेतला नव्हता. रस्ताभर तो वाक्यं जुळवत होता आणि मोडत होता.

खेमसिंग अंगणात खाटेवर बसला होता, भोवती चारपाच मंडळी. चालताना दम लागतो म्हणून दोन दिवस शेतात गेला नव्हता. ते ऐकून घनश्यामची जुळवलेली वाक्यं जागीच राहिली. सगळ्यांसमोर त्याने सांगून टाकलं, की पोरीचं बोलणं मी अर्धंच ऐकलं, तुला चुकीचं सांगितलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल.

 खेमसिंग मिशीत हसला.

"म्हंजे तुह्या पोरीचा शोध खोटा निघाला म्हन, घनश्यामभाऊ."

बसलेली मंडळीही हसली. स्वतःवरचं हसू घनश्यामने मुकाट्याने गिळलं असतं. हे लेकीवर आलं होतं. त्याची मान वर झाली.

"खोटा नाही, अजून लागाचा हाय. माही पोरगी, जे मालूम नाही ते मालूम नाही म्हनते. एवढी शिकली तरी म्हनते. तिच्या बापाले ते आज जमलं."

 खेमसिंगने बायकोकडून जुनी गोळ्यांची पाकिटं मागून घेतली, पायात चपला घातल्या आणि मोटारसायकलवर घनश्यामच्या मागे बसला.